टोपणनाव म्हणजे टोपी घालणं नव्हे

सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या किंडल प्रकाशन-सेवेवर एक मर्यादा घातली: एका लेखकाला दिवसाला जास्तीत जास्त तीन नवी पुस्तकं टाकता येतील. वर्षाला नव्हे, दिवसाला. यंत्राकडून लिहून घेतलेल्या पुस्तकांचा लोंढा आवरायला हा बांध घालावा लागला. तेव्हापासून एक जुनंच भांडण नव्या जोमाने सुरू झालं आहे. जो भरमसाट लिहितो तो लेखक की कारखानदार? त्यातून त्याने पाच-दहा टोपणनावं घेतली असतील, तर तो वाचकांना फसवतो आहे की नाही? आणि हे भांडण इतक्या वाईट पद्धतीने चाललं आहे की दोन्ही बाजू एकच चूक करताहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. एक बाजू म्हणते, सहाशे कादंबऱ्या लिहिल्या ना, मग त्या जिलब्याच असणार. दुसरी म्हणते, सहाशे कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या कोट्यवधींनी वाचल्या, मग तुम्ही नाकं मुरडणारे कोण? दोघांनीही पुस्तक उघडलेलं नाही. दोघंही आकड्याकडे बोट दाखवून निकाल देताहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. किती लिहिलं यावरून लेखकाची किंमत वर किंवा खाली, कुठेच ठरत नाही. आणि टोपणनाव हा बहुतेक वेळा वाचकाला दिलेला शब्द असतो: या नावाखाली तुला अमुक मिळेल. तो शब्द पाळला का, एवढंच विचारायचं. म्हणजे अठ्ठावीस नावांनी लिहिणारा माणूस समोर आला, तर त्याचा एकगठ्ठा निवाडा करायचा नाही. एकेक नाव वेगळं काढून तपासायचं. हे कष्टाचं काम आहे, म्हणून ते कोणी करत नाही.

अठ्ठावीस हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. जॉन क्रीझी नावाचा इंग्रज लेखक १९०८ मध्ये जन्मला आणि १९७३ मध्ये वारला. या माणसाने सहाशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यासाठी अठ्ठावीस टोपणनावं वापरली. घरात नऊ भावंडं, हा सातवा. लहानपणी पोलिओ झालेला. पहिलं लेखन विकलं जाण्याआधी ७४३ नकार आले, हा आकडा तर त्याच्या नावाला कायमचा चिकटला आहे. पहिली रहस्यकादंबरी १९३२ ची. तिथपासून मरेपर्यंतची वर्षं मोजली तर एकेचाळीस भरतात. सहाशेला एकेचाळीसने भागा. वर्षाला जवळजवळ पंधरा, म्हणजे साधारण चोवीस दिवसाला एक कादंबरी, तीही चार दशकं. अँथनी मॉर्टन या नावाने त्याने ‘बॅरन’ हा सभ्य चोर उभा केला, गॉर्डन अ‍ॅश आणि मायकेल हॅलिडे या नावांनी आणखी रहस्यकथा लिहिल्या. टेक्स रायली आणि केन रेंजर ही नावं काउबॉयच्या कथांसाठी. मार्गारेट कुक हे नाव प्रेमकथांसाठी. स्वतःच्या नावाने इन्स्पेक्टर वेस्ट आणि ‘टॉफ’ या नायकांच्या मालिका. आणि १९५५ पासून जे. जे. मॅरिक या नावाने कमांडर गिडियन. या शेवटच्या नावाकडे मला परत यायचं आहे.

त्याआधी विरोधकांच्या पदरात त्यांचं माप पुरतं घालू. क्रीझीच्या सहाशेतल्या बहुतेक कादंबऱ्या आज कोणी वाचत नाही, आणि त्यात जगाचं काही अडलेलंही नाही. घाईची किंमत त्याने मोजली होती. काउबॉयच्या कथा त्याने तो मुलूख न बघताच लिहायला घेतल्या. त्यातल्या एकीत त्याने आकाशात कोयोटी उडवले, असा किस्सा सांगितला जातो. कोयोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी आहे, पण नावावरून साहेबाला तो पक्षी वाटला. यावर हसावं तेवढं थोडं. पण हसताना कबूल करायला हवं की ज्याच्याकडे चोवीस दिवसच आहेत त्याच्याकडून अशा चुका होणारच. पात्रं पुन्हापुन्हा त्याच साच्यातून निघणार, संवाद पाट्या टाकल्यासारखे होणार, शेवट आधीच ठाऊक असणार. ‘वेगाचा दर्जावर परिणाम होत नाही’ असं जे कोणी म्हणतात त्यांनी अशी शंभर पुस्तकं सलग वाचून दाखवावीत. मी वीसेक वाचली आणि बाराव्यानंतर कुठलं कुठलं हे मला सांगता येईना.

पण इथून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र टिकत नाही. ‘घाईत लिहिलेलं वाईट असू शकतं’ यावरून ‘घाईत लिहिणारा वाईटच लिहितो’ हे सिद्ध होत नाही. ‘सावकाश लिहिलेलं चांगलं असतं’ हे तर त्याहून नाही. दहा वर्षं घासूनपुसून लिहिलेल्या भिकार कादंबऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांचा आकडा एक असतो, म्हणून त्यांच्यावर कोणी कारखानदारीचा आरोप करत नाही एवढंच.

आकड्याची ही भीती जुनी आहे. तिचं सगळ्यात बोलकं उदाहरण अँथनी ट्रोलप. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरीला होता आणि त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं. त्यात त्याने आपली पद्धत कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं. वेळेवर उठवायला एक म्हातारा मोतद्दार नेमलेला, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्त. समोर घड्याळ. दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. ते झाले की नाही, हे घड्याळाकडे बघून तपासायचं आणि मग कचेरीत जायचं. एवढ्यावर तो थांबला नाही. आयुष्यभरात पुस्तकांनी किती मिळवून दिलं याची बेरीजही त्याने पुस्तकवार मांडली: ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. ते पाच पेन्स मला फार आवडतात. लोकांना मात्र ते झोंबले. ज्याच्या कादंबऱ्या त्यांनी डोक्यावर घेतल्या होत्या, तो घड्याळ लावून लिहीत होता हे कळल्यावर त्याच कादंबऱ्या त्यांना हलक्या वाटू लागल्या. आत्मचरित्राने ट्रोलपचं नाव बुडवलं असं कित्येक वर्षं सांगितलं जात होतं. आता विचारा: या मधल्या काळात कादंबऱ्यांमधला एक तरी शब्द बदलला होता का? वाचकांना कादंबरी हवी होती, की कादंबरीकाराला सुचताना होणाऱ्या वेदनांची पावती?

ट्रोलपची आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. ऐन भरात असताना त्याला शंका आली की आपली पुस्तकं आपल्या नावामुळेच खपत असावीत. नव्या माणसाला जे मिळत नाही ते आपल्याला नावापायी फुकट मिळतं, हे त्याला अन्यायाचं वाटलं. म्हणून १८६० च्या दशकात त्याने दोन छोट्या कादंबऱ्या नाव न घालता छापल्या. एका समीक्षकाने शैलीवरून त्याला ओळखलं, वाचकांनी मात्र पुस्तकांकडे पाठ फिरवली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. १९८० च्या दशकात डोरिस लेसिंग या नामवंत ब्रिटिश कादंबरीकार बाईने हाच डाव खेळला. जेन सोमर्स या नावाने कादंबरी पाठवली, तर तिच्या स्वतःच्या ब्रिटिश प्रकाशकानेच ती परत केली. जे. के. रोलिंगने २०१३ मध्ये रॉबर्ट गॅल्ब्रेथ या नावाने रहस्यकादंबरी छापली तेव्हा पहिल्या तीनेक महिन्यांत तिच्या दीड हजारांच्या आसपास प्रती गेल्या. खरं नाव फुटलं आणि तेच पुस्तक रातोरात विक्रीच्या यादीत पहिलं. म्हणजे फसवणूक कोणत्या नावात होती? वाचकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचं काम अनोळखी गॅल्ब्रेथपेक्षा प्रसिद्ध रोलिंगने जास्त केलं नाही का?

वेगाच्या दंतकथा तर मूळ वेगापेक्षाही वेगाने पळतात. झॉर्ज सिमनाँ या बेल्जियन लेखकाचं उदाहरण घ्या. विशीत त्याने दीड-दोन डझन टोपणनावांनी सुमारे दोनशे चटपटीत कादंबऱ्या पाडल्या आणि मग स्वतःच्या नावाने जवळजवळ तितक्याच. १९२७ मध्ये पॅरिसमधल्या एका वृत्तपत्रवाल्याने कल्पना काढली की सिमनाँने काचेच्या पिंजऱ्यात बसून, लोकांच्या डोळ्यांदेखत एक अख्खी कादंबरी लिहावी. करार झाला, गाजावाजा झाला, पण तो कार्यक्रम कधी झालाच नाही. गंमत पुढेच आहे. नंतर कित्येक वर्षं लोक लिहीत आणि सांगत राहिले की तो पिंजरा आम्ही पाहिला, सिमनाँला टंकलेखन करताना आम्ही पाहिलं. न घडलेल्या गोष्टीचे साक्षीदार! बहुप्रसव लेखकाबद्दल आपण किती खुशाल काहीही मानायला तयार असतो, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. याच सिमनाँच्या नायकाची, इन्स्पेक्टर मेग्रेची, कच्ची रूपं त्या टोपणनावांच्या कादंबऱ्यांत सापडतात. १९३१ मध्ये तो पहिल्यांदा सिमनाँच्या खऱ्या नावाखाली पुस्तकरूपात आला, त्याआधी त्याला तालीम करायला आडनावाची गरज नसलेली एक जागा मिळाली होती. पुढे आंद्रे जीदसारखा कडक फ्रेंच साहित्यिक सिमनाँचा चाहता झाला. शंभर वर्षं आधी फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकनेही हेच केलं होतं. लॉर्ड र’ऊन (हे त्याच्या ‘ऑनोरे’ या पहिल्या नावाचीच अक्षरं उलटसुलट करून केलेलं नाव) आणि ओरास द सँतोबँ या नावांनी त्याने पोटासाठी बाजारू कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या लिहिता लिहिता हात बसवला.

आता बचावाच्या बाजूला दोन शब्द सुनवायला हवेत, कारण ती मला जवळची असूनही तिचा युक्तिवाद जास्त डोकं उठवतो. ‘लाखोंनी वाचलं, म्हणजे त्यात काहीतरी असणारच.’ असेलही. पण ते काय आहे हे सांगायची जबाबदारी तुमची आहे. खपाचा आकडा हा पुस्तकाबद्दलचा पुरावा नाही, तो फार तर वाचकांच्या गरजेबद्दलचा पुरावा आहे. उपेक्षेचं रडगाणं तर नकोच. बाबूराव अर्नाळकरांची आठवण अशा वेळी हमखास काढली जाते. हजाराहून जास्त रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड, मराठी माणसाला वाचायची चटक लावली, आणि समीक्षकांनी मात्र वाळीत टाकलं. यातलं सगळं खरं आहे. पण अर्नाळकरांबद्दल पोटतिडकीने बोलणाऱ्या किती जणांनी त्यांच्या एखाद्या कथेची बांधणी उलगडून दाखवली आहे? संवाद कुठे तोडला, रहस्य किती पानं ताणलं, झुंजारच्या जगात नीती कुठली चालते आणि काळ्या पहाडाच्या जगात कुठली? समीक्षकांनी वाचलं नाही म्हणून दुःख आणि चाहत्यांनी वाचून काही सांगितलं नाही, त्याचं काय? कौतुकाचा हारही न वाचता घालता येतो. उपेक्षा करण्याइतकंच ते सोपं आहे.

आणि अर्नाळकरांवरून आठवलं. ते नाव तरी कुठे खरं होतं? कागदोपत्री ते चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण मराठी वाचकाला टोपणनावाचं वावडं आहे असं म्हणायला जीभ कशी रेटते हेच मला कळत नाही. कवितेला कुसुमाग्रज आणि नाटकाला वि. वा. शिरवाडकर, ही वाटणी आपण शाळेत पाठ केली. गडकरी नाटकाच्या पाटीवर राम गणेश, कवितेखाली गोविंदाग्रज आणि विनोदाखाली बाळकराम. तिन्ही ठिकाणी तोच माणूस आहे हे ठाऊक असूनही आपण तिघांना तीन वेगळ्या अपेक्षांनी वाचतो. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांतला काळोख आणि आरती प्रभूंच्या कवितेतला काळोख एकाच घरातला आहे, पण दारं दोन आहेत. पुरुषाने बाईचं नाव घेतलं म्हणून त्या कवितांना कोणी तोतया म्हटलं नाही. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांची टोपी उडवत, ती चिमटे काढण्याची मुभा त्यांना त्या नावानेच मिळवून दिली. इथे आपल्याला सगळं समजतं. नाव बदललं की सूर बदलतो, वाचकाची बसण्याची पद्धत बदलते, लेखकाची भीड चेपते. मग हाच प्रकार रहस्यकथेवाल्याने केला की तो लबाड कसा होतो? कवीने नाव घेतलं तर उपाधी आणि रहस्यकथाकाराने घेतलं तर पळवाट, हा न्याय साहित्याचा नाही, पंक्तिभेदाचा आहे.

आता मॅरिककडे. १९५५ पर्यंत क्रीझीच्या नावावर शेकडो पुस्तकं होती. त्याच्या नावाचा वाचक काय अपेक्षा ठेवून येत असे? धाडस, पाठलाग, एक हुशार नायक, एक गुन्हा, शेवटी उलगडा. जे. जे. मॅरिक या नावाने त्याने काय केलं बघा. स्कॉटलंड यार्डमधला एक दिवस. सकाळी जॉर्ज गिडियन कचेरीकडे निघतो तो संतापूनच, कारण आपल्याच हाताखालचा एक माणूस अमली पदार्थ विकणाऱ्यांकडून पैसे खातो हे त्याला कळलं आहे. त्याला फैलावर घेऊन होतं न होतं तोच दुसरं प्रकरण टेबलावर. मग तिसरं. कुठे दरोडा, कुठे खून. एकातला धागा दुसऱ्यात शिरतोच असं नाही. बहुतेक रहस्यकथांत लेखक सगळे धागे शेवटी एका गाठीत बांधतो आणि वाचकाला हायसं वाटतं. इथे दिवस संपतो आणि काम उरतं. साहेब घरी जातो, तिथे बायको आहे, मुलं आहेत, संसारात एक जुनी जखम आहे. गुन्हा हे कोडं न राहता खात्याचं रोजचं ओझं होतं. पोलीस-कार्यपद्धतीची कादंबरी म्हणून जो प्रकार नंतर जगभर रुजला, त्याचा ब्रिटनमधला एक पाया इथे घातला गेला. १९५८ मध्ये जॉन फोर्डसारख्या दिग्दर्शकाने या पहिल्या पुस्तकावर चित्रपट केला, आणि १९६२ मध्ये याच मालिकेतल्या एका कादंबरीला अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेचा एडगर पुरस्कार मिळाला. पाटीवर नाव मॅरिकचं.

हेच क्रीझीला स्वतःच्या नावाने लिहिता आलं नसतं का? कागदावर आलं असतं. पण ती कादंबरी कोणी कशी वाचली असती? नेमाने येणाऱ्या टॉफच्या शेजारी ती टेकली असती आणि टॉफच्याच मापाने मोजली गेली असती. नव्या नावाने वाचकाची जुनी अपेक्षा पुसली. माझा अंदाज आहे, आणि तो अंदाजच आहे, की लेखकाचीही पुसली. ‘मॅरिक असं लिहीत नाही’ हे स्वतःला सांगता येणं ही फार मोठी शिस्त आहे. डोनाल्ड वेस्टलेक हा अमेरिकन लेखक स्वतःच्या नावाने हसवणाऱ्या चोरांच्या गोष्टी लिहायचा आणि रिचर्ड स्टार्क या नावाने पार्कर नावाच्या थंड, निर्दय दरोडेखोराच्या. वाक्यंसुद्धा दोघांची वेगळी. इव्हान हंटर आणि एड मॅकबेन हा एकच माणूस. २००१ मध्ये त्याने एक कादंबरी चक्क ‘इव्हान हंटर आणि एड मॅकबेन’ अशा दोघांच्या नावावर छापली, अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. याला फसवणूक म्हणायचं तर आधी गंमत म्हणजे काय ते ठरवावं लागेल. आणि प्रकाशनधंद्याचा भाग विसरून चालणार नाही. एका नावाची वर्षाला एकच कादंबरी बाजार पचवतो, अशी प्रकाशकांची पक्की समजूत होती. स्टीफन किंगने रिचर्ड बॅकमन हे नाव घेण्यामागचं एक कारण हेच सांगितलं आहे. म्हणजे ज्या टोपणनावांकडे बोट दाखवून लेखकाला लबाड म्हणतात, त्यांतली कितीतरी नावं प्रकाशकांच्या हिशेबातून जन्मलेली असतात.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला झटकन उत्तर नाही. ऑक्टोबर २०२१. स्पेनमधला प्लानेता पुरस्कार, रक्कम दहा लाख युरो. विजेती कार्मेन मोला, रक्तरंजित रहस्यकादंबऱ्या लिहिणारी. तोपर्यंत तिची ओळख काय, तर माद्रिदमधली प्राध्यापिका, तीन मुलांची आई, नाव लपवून लिहिणारी. पुरस्कार घ्यायला मंचावर तीन पुरुष चढले. तिघं मिळून लिहीत होते. माद्रिदमधल्या एका स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानाने मोलाची पुस्तकं फळीवरून उतरवली. त्या दुकानाची चीड मला समजते. इथे नाव खोटं होतं म्हणून कोणी चिडलं नव्हतं. चरित्र खोटं होतं. वाचणाऱ्या बाईला सांगितलं गेलं होतं की हे तुझ्यासारख्या एकीने, घर-नोकरी सांभाळून, गुपचूप लिहिलं आहे. त्या माहितीवर पुस्तक विकलं गेलं. नाव हा पडदा असतो. चरित्र ही साक्ष असते. पडद्याआड उभं राहायला हरकत नाही, पण खोटी साक्ष द्यायची नाही.

रेघ छान आखली, पण ती आखताच माझीच माणसं तिच्यावर पाय देतात. रोमँ गारी या फ्रेंच लेखकाने १९५६ मध्ये फ्रान्समधला मानाचा गोंकूर पुरस्कार मिळवला होता. हा पुरस्कार एका लेखकाला एकदाच मिळतो. १९७५ मध्ये तो एमिल अझार या अनोळखी लेखकाला मिळाला. अझार म्हणजे गारीच. लोकांसमोर अझार म्हणून वावरायला त्याने नात्यातला एक माणूस उभा केला होता. म्हणजे खोटं नाव, खोटं चरित्र आणि वर खोटा चेहरासुद्धा. हे सगळं गारीच्या आत्महत्येनंतर, १९८१ मध्ये बाहेर आलं. त्याला कारण होतं: गारी संपला, आता त्याच्यात दम नाही, असं बोललं जात होतं, आणि बोलणारेच अझारला डोक्यावर घेत होते. माझ्या रेघेनुसार गारी दोषी ठरतो. ठरू दे. दोषी ठरवूनही मला तो कार्मेन मोलापेक्षा वेगळा वाटतो, कारण त्याने ज्यांना फसवलं ते न वाचता निकाल देणारे होते, विश्वासाने पुस्तक विकत घेणारी बाई नव्हती. हा फरक कायद्यात बसणार नाही हे मला मान्य आहे.

अ‍ॅलिस शेल्डनचं प्रकरण याच्या उलट टोकाचं. तिने जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने विज्ञानकथा लिहिल्या. पत्रांतून ती आपल्या आयुष्याबद्दल जे सांगायची त्यातलं पुष्कळसं खरं होतं, लहानपणीची आफ्रिका, गुप्तहेर खात्यातली नोकरी. फक्त आपण बाई आहोत एवढं सांगत नव्हती. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग हा स्वतः टोपणनावांनी ढीगभर लिहिलेला लेखक. त्याने १९७५ मध्ये टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना ठणकावून सांगितलं की या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे, ही बाई असूच शकत नाही. दोनच वर्षांत तोंडघशी पडला, आणि ते त्याने मोकळेपणाने मान्यही केलं. टिपट्रीने सिल्व्हरबर्गला फसवलं नव्हतं. बाईचं लेखन कसं असतं याबद्दलच्या त्याच्याच कल्पनेने त्याला फसवलं होतं. आणि क्रीझीची मार्गारेट कुक? तिलाही कठड्यात उभं करू. पण तिच्या वाचकांनी विकत घेतली होती प्रेमकथा, कुणा बाईची साक्ष नव्हे. कथा बरी असेल तर व्यवहार चोख झाला. वाईट असेल तर ती वाईट आहे, आणि लेखकाचं नाव जॉन असल्याने ती जास्त वाईट होत नाही.

मग यंत्रांचं काय? दिवसाला तीन पुस्तकं टाकणारा आणि चोवीस दिवसाला एक लिहिणारा, हे एकाच पट्टीवरचे दोन बिंदू आहेत असं सध्या सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही, आणि कारण वेगाचं नाहीच. क्रीझीच्या प्रत्येक नावामागे लाज वाटू शकणारा एक माणूस होता. कोयोटी उडवल्यावर हसं कोणाचं झालं हे ठरलेलं होतं. उतारवयात त्याने आपल्या जुन्या कादंबऱ्या परत हातात घेतल्या, दुरुस्त केल्या, सुधारून छापल्या. नुसता माल खपवणारा माणूस तीस वर्षांपूर्वी विकून झालेल्या पुस्तकावर कशाला बसेल? १९५३ मध्ये त्याने पुढाकार घेऊन ब्रिटनमधल्या गुन्हेकथा-लेखकांची संघटना उभी केली, ती आजही आहे. ज्या नावांमागे कोणीच नाही, ज्यांना चूक दाखवली तर ओशाळायला कोणी समोर येत नाही, ती टोपणनावं नव्हेत. ती नुसती लेबलं आहेत. त्यांच्या विरोधात जरूर भांडावं. पण त्या भांडणात क्रीझीला किंवा सिमनाँला पुरावा म्हणून ओढायचं कारण नाही.

जे. जे. मॅरिक हे नाव क्रीझीने कसं जुळवलं ते सांगायचं राहिलं. पहिला ‘जे’ जॉनचा, स्वतःचा. दुसरा ‘जे’ जीनचा, बायकोचा. मार्टिन आणि रिचर्ड या दोन मुलांच्या नावातून ‘मार’ आणि ‘रिक’. अठ्ठावीस खोट्या नावांतलं त्याचं सगळ्यात चांगलं नाव अख्ख्या घराच्या खऱ्या नावांतून बनलेलं होतं. १९७३ मध्ये क्रीझी गेला. गिडियन राहिला. विल्यम व्हिव्हियन बटलर या लेखकाने मॅरिकच्या वतीने पुढच्या काही कादंबऱ्या लिहिल्या. नाव हा शब्द असतो आणि तो पाळला गेला की झालं, हे माझंच म्हणणं. त्या हिशेबाने मला याचं काही वाटायला नको. बटलरचं एक पुस्तक गेली कित्येक वर्षं माझ्या कपाटात मॅरिकच्या रांगेत उभं आहे. त्या रांगेतली बाकीची मी दोन-दोनदा वाचली आहेत. ते अजून उघडलेलं नाही.